क्लॉक कोण देणार?

मॅगझिनच्या मराठी विभागाच्या संपादिका माझ्याच मजल्यावर राहतात. त्यामुळे "लेख दे, नाहीतर गिझरच्या रांगेत नंबर मागे जाईल" अशी गोड धमकी मिळाल्यावर लिहिणं भाग होतं. मी त्यांना आधीच सांगितलं होतं, की माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. मराठी आमच्याकडे थर्ड लँग्वेज होती, आणि सिस्टरांच्या समोर मराठीत बोललं की एक रुपया दंड भरावा लागे. माझा एकूण दंड काढला तर या लेखाचं मानधन त्यातूनच निघेल! तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र माझ्या पोटातला आहे, म्हणून लिहितेय.

सुरुवात झाली ती मागच्या सेमिस्टरच्या ओरलला. कॉम्प्युटर नेटवर्क्सची माझी फाइल अगदी नेटकी होती. बारा प्रॅक्टिकल्स, बारा प्रिंटआउट, प्रत्येकावर सरांची सही. एक्स्टर्नल सरांनी फाइल चाळली, दोन राउटरच्या डायग्रामवर बोट ठेवलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "हे दोन राउटर तू बॅक-टू-बॅक जोडलेस. मध्ये टेलिफोन कंपनी नाही. मग क्लॉक कोण देणार?"

मी काय उत्तर दिलं असेल? "सर, सिम्युलेटरमध्ये त्या केबलच्या एका टोकाला छोटं घड्याळाचं चित्र येतं..."

सर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "ते चित्र कशाचं आहे, हे कधी शोधलंस का?" मार्क बरे मिळाले. पण त्या रात्री मेसमध्ये पोळी घशाखाली उतरली नाही. प्रॅक्टिकल केलंय, कमांड पाठ आहे, दिवे हिरवे झालेत, आणि मी काय केलं ते मला माहीतच नाही! माझ्या बॅचमधल्या किती जणांना माहीत होतं? विचारून बघितलं. आम्ही सगळे एकाच माळेचे मणी निघालो.

तर आधी तो प्रश्नच नीट सांगते. मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांनीसुद्धा वाचावं, अवघड नाही. दोन गावांतल्या दोन ऑफिसांना लीज्ड लाइनने जोडलं, की प्रत्येक ऑफिसात एक राउटर असतो आणि त्याच्या पुढे टेलिफोन कंपनीचा डबा, ज्याला सगळे मोडेम म्हणतात. सिरियल लाइनवर बिट एकामागून एक धावतात. पण समोरच्याने नेमकं कोणत्या क्षणी तारेकडे बघून "हा एक, हा शून्य" म्हणायचं? त्यासाठी ताल लागतो. तो ताल म्हणजे क्लॉक. ताल देणाऱ्या बाजूला डीसीई म्हणतात, घेणाऱ्या बाजूला डीटीई. नेहमीच्या जगात कंपनीचा डबा ताल देतो आणि राउटर मुकाट्याने घेतो. लेझीम आठवा. पन्नास पोरं एकाच वेळी वाकतात, कारण हलगी एकाच्या हातात असते.

आता मधली कंपनी काढून टाका. दोन राउटर एकाच टेबलावर, पाठीला पाठ लावून. दोघेही जन्माने लेझीम खेळणारे, हलगी कुणाकडेच नाही. म्हणून केबल खास घ्यावी लागते. तिच्या एका टोकावर डीसीई लिहिलेलं असतं आणि ते टोक ज्या राउटरला लागेल, त्याला आपण सांगायचं, "बाबा रे, आज हलगी तुझ्याकडे." क्लॉक रेट चौसष्ट हजार, एंटर. एवढंच. हे एवढंच मला ओरलला सांगता आलं नव्हतं.

त्यावर उपाय म्हणून मी आणि माझ्या रूममेटने एक वेडेपणा केला. मेसचा सुट्टीतला रिबेट परत मिळाला होता. त्यात थोडी भर घातली, शनिवारी पुण्यातल्या तपकीर गल्लीत गेलो आणि तिथून एकाने पाठवलं म्हणून पुढे एका जुन्या कॉम्प्युटरच्या भंगारवाल्याकडे. तिथे एका कोपऱ्यात, धुळीच्या चादरीखाली, सिस्कोच्या २५०० मालिकेतले दोन राउटर पडले होते. वयाने आम्हा दोघींपेक्षा मोठे. "चालू आहेत का?" विचारलं तर ते काका म्हणाले, "ताई, दिवा लागतो. पुढचं तुमचं नशीब." दोन राउटर आणि केबल मिळून दोन हजार चारशेला सौदा झाला. येताना बसमध्ये मांडीवर ते लोखंडी डबे घेऊन बसलो होतो. कंडक्टरने विचारलं, "मिक्सर का?" आम्ही हो म्हटलं. कोण समजावत बसणार!

पहिली रात्र पासवर्डमध्ये गेली. राउटर उघडला तर आधीच्या मालकाचा पासवर्ड मागतोय. मग शोधून काढलं, की चालू केल्यावर पहिल्या मिनिटाच्या आत ब्रेक दाबायचा आणि कॉन्फिगरेशन रजिस्टर बदलून ०x२१४२ करायचं, म्हणजे राउटर जुनी सेटिंग न वाचताच उठतो. उठला! आत बघितलं तर कुठल्याशा शाखेची सगळी कुंडली तशीच. लाइनचा नंबर, पत्ते, पासवर्डसुद्धा. भंगारात टाकताना कुणी पुसलंच नव्हतं. आम्ही सगळं पुसलं आणि रजिस्टर परत ०x२१०२ वर आणून ठेवलं. सिक्युरिटीच्या विषयातलं एक अख्खं युनिट त्या पाच मिनिटांत समजलं.

त्याच रात्री दुसरा धक्का. भंगारवाल्या काकांनी दिलेल्या दोन केबलींची एक बाजू साठ पिनांची, ती राउटरला लागली. दुसऱ्या बाजूचे ते मोठे चौकोनी व्ही.३५ ठोकळे एकमेकांत जाईनात. दोन्हीकडे पिनाच! दोन्ही केबली डीटीईच्या निघाल्या. म्हणजे दोघांच्या हातात लेझीम, हलगी दुकानातच राहिली. सिम्युलेटरमध्ये हे कधीच होत नाही. तिथे केबल चुकीची असेल तर माउस ऐकत नाही आणि आपण दुसरी उचलतो. इथे पुढच्या शनिवारपर्यंत थांबावं लागलं, आणि त्या आठ दिवसांत डीटीई-डीसीई हे शब्द मी जन्मभरासाठी शिकले.

दुसरी रात्र. केबल बदलून आणली, जोडली. स्क्रीनवर आलं, इंटरफेस अप, लाइन प्रोटोकॉल डाउन. म्हणजे तार आहे, बोलणं नाही. माझ्या राउटरवर क्लॉक रेट टाकला, तर तो म्हणाला ही आज्ञा फक्त डीसीई बाजूला चालते. डीसीईचं टोक रूममेटच्या राउटरला लागलेलं! शो कंट्रोलर्स कमांड देऊन तिथे बघितलं, तर स्वच्छ लिहिलं होतं, डीसीई व्ही.३५, नो क्लॉक. एक्स्टर्नल सरांचा प्रश्न राउटरने शब्दशः स्क्रीनवर छापला होता. तिने चौसष्ट हजार टाकलं आणि काही सेकंदांत दोन्ही स्क्रीनवर "अप, अप". आम्ही दोघी इतक्या जोरात ओरडलो, की शेजारच्या खोलीतून भिंतीवर चप्पल आपटल्याचा आवाज आला.

चौसष्ट हजारच का, हेही तेव्हाच शोधलं. फोनवरचा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजायचा, प्रत्येक मोजमापाला ८ बिट. गुणाकार करा. म्हणजे एक माणूस बोलेल एवढी ती लाइन. रविवारी घरी फोनवर हे सांगितलं तर बाबा हसायला लागले. ते बँकेत आहेत. म्हणाले, "अगं, आमची अख्खी शाखा चौसष्टच्या लाइनवर चालायची. लाइन गेली की टोकन घेतलेले लोक बाकावर आणि आम्ही काउंटरवर, सगळे एकमेकांकडे बघत बसायचो." हिशेब केला. माझ्या मोबाइलमधला चार एमबीचा एक फोटो त्या लाइनवरून पाठवायला आठ मिनिटांपेक्षा जास्त लागले असते. बाबांच्या नोकरीविषयी वीस वर्षांत एवढं कळलं नव्हतं.

तिसरी रात्र सगळ्यात वाईट आणि म्हणूनच सगळ्यात चांगली. राउटर एकमेकांशी बोलत होते, पण माझ्या लॅपटॉपवरून रूममेटच्या लॅपटॉपला पिंग जाईना. मी माझ्या राउटरला तिच्या नेटवर्कचा रस्ता सांगितला होता. तरी उत्तर नाही. तासाभराने डोक्यात प्रकाश पडला. माझा निरोप तिच्यापर्यंत पोहोचत असेलही, पण तिच्या राउटरला माझ्याकडे परत यायचा रस्ता कुठे माहीत आहे? जायचा रस्ता आणि यायचा रस्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुस्तकात एका ओळीत आहे आणि मी ती ओळ अंडरलाइनही केली होती! तिने परतीचा रस्ता टाकला. तरीही उत्तर नाही. आणखी दीड तास. शेवटी सापडलं, की तिच्या लॅपटॉपचा फायरवॉलच पिंगला उत्तर देत नव्हता. ती परवानगी दिली आणि आलं एकदाचं उत्तर. वीस मिलिसेकंदांच्या आसपास.

मग रूममेटने कागद घेतला. साठ बाइटचं पॅकेट, त्यावर एचडीएलसीचे सहा, एकूण सहासष्ट. गुणिले आठ, भागिले चौसष्ट हजार. एका बाजूला सव्वाआठ मिलिसेकंद, जाऊन-येऊन साडेसोळा. उरलेले त्या म्हाताऱ्या प्रोसेसरच्या दम्याचे. मित्र-मैत्रिणींनो, सहा सेमिस्टरमध्ये सोडवलेली ही पहिली न्यूमरिकल होती, जिचं उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर नव्हतं, टेबलावर होतं.

चौथ्या रात्री आम्ही मुद्दाम बिघाड करायला घेतला. तिच्या बाजूला एचडीएलसी बदलून पीपीपी केलं, माझी बाजू तशीच ठेवली. तार ठीक, क्लॉक ठीक, तरी बोलणं बंद. कारण सिस्कोचं एचडीएलसी ही त्या कंपनीची घरगुती बोली आहे, आणि पीपीपी ही १९९४ च्या आरएफसी १६६१ मध्ये लिहून ठेवलेली, सगळ्या कंपन्यांना कळणारी भाषा. दोघांनी एकच निवडली तरच संवाद. मला एकदम माझी आजी आठवली. ती फोन करते, लाइन अगदी क्लिअर असते, ती मराठीत विचारते, मी अर्ध्या इंग्लिशमध्ये उत्तर देते, आणि थोड्या वेळाने ती म्हणते, "बरं, ठेव." तेव्हापासून आजीच्या फोनला मी माझी बाजू बदलून घेते. असो.

तर त्या चौथ्या रात्री, साडेअकराला, दारावर टकटक. रेक्टर मॅडम! त्या जुन्या राउटरचे पंखे पिठाच्या गिरणीसारखा आवाज करतात, हे आम्ही विसरूनच गेलो होतो. मॅडमनी टेबलाकडे बघितलं. "हे काय? इंडक्शन लपवलंय का?" आम्ही म्हटलं, "नाही मॅडम, राउटर आहेत." त्या म्हणाल्या, "वाय-फाय तर हॉस्टेलचं आहे, मग हे दोन कशाला?" प्रश्न रास्त होता. उत्तर रात्री साडेअकराला देण्यासारखं नव्हतं. नियम क्रमांक अमुक, खोलीत विजेची उपकरणे बाळगू नयेत. दोन्ही राउटर जप्त झाले आणि ऑफिसच्या कपाटात इस्त्र्या, किटल्या आणि एका कॉइलच्या शेगडीच्या शेजारी जाऊन बसले.

इथपर्यंत गंमत झाली. आता मुद्द्याचं.

तुम्ही म्हणाल, लॅब असताना खोलीत कशाला? बरोबर आहे. लॅब आहे. प्रोजेक्टवाल्यांसाठी ती रात्री दहापर्यंत उघडी असते, आणि नोटीसवर "सर्वांसाठी" असं लिहिलेलं आहे. आमच्या हॉस्टेलचं गेट साडेआठला बंद होतं. लेक्चर संपणार पाचला, लॅबमध्ये बॅचेस संपणार सहाला, मध्ये चहा, आणि आठला आवराआवर. बिघाड शोधायला जे लागतं ते ज्ञान नंतर, आधी लागतो सलग वेळ. माझी तिसरी रात्र साडेआठला तोडली असती तर मी "फायरवॉल" या शब्दापर्यंत पोहोचलेच नसते. दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी तयार झालेला सेटअप बघून "अच्छा, असं होय" म्हटलं असतं. आमच्या वर्गातल्या मुली फाइल लिहितात आणि मुलं वायर जोडतात, अशी वाटणी दिसते ना, तिच्यामागे आवड-निवड कमी आणि गेटची वेळ जास्त आहे. गेट रात्रभर उघडं ठेवा असं मी म्हणत नाही. त्याची कारणं मला कळतात आणि माझ्या आईला तर जास्तच कळतात. पण आम्ही लॅबकडे जाऊ शकत नसू, तर लॅबचा एक तुकडा आमच्याकडे येऊ शकतो की नाही?

आणि तो तुकडा विकत घ्यावा लागणार नाही. जप्तीची गोष्ट लॅबमधल्या काकांना सांगितली तर ते हसून म्हणाले, "अगं, दोन हजार कशाला घातलेस? तसले सहा आहेत आपल्या कपाटात. डेड स्टॉकमध्ये." सहा! चालू. मी विचारलं, "काका, मग आम्हाला का देत नाही?" काकांचा चेहरा बदलला. म्हणाले, "पोरी, रजिस्टरवर नाव माझं आहे. एक जरी जळला तर व्हेरिफिकेशनला उत्तर मी द्यायचं." त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही. त्यांच्या जागी मी असते तर दोन कुलपं लावली असती. चूक हिशेबाच्या पद्धतीत आहे. वापरताना बिघडलेली वस्तू हा आपल्याकडे गुन्हा, आणि न वापरता गंजलेली वस्तू हे चोख रेकॉर्ड.

दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर आमचे सर म्हणतील लेख एकतर्फी आहे. सिम्युलेटर वाईट नाही. तो फुकट आहे, जळत नाही, आवाज करत नाही, आणि त्यात मी वीस राउटर जोडू शकते, जे माझ्या टेबलावर कधीच मावणार नाहीत. राउटिंग प्रोटोकॉल शिकायला मी अजूनही तोच वापरते. पण सिम्युलेटरमध्ये फक्त तेवढ्याच चुका होतात, जेवढ्या तो बनवणाऱ्याने आधी कल्पिलेल्या असतात. दोन्ही बाजूंना पिना असलेली केबल त्याला सुचलेली नसते. आधीच्या मालकाचा पासवर्ड सुचलेला नसतो. आणि नोकरीत गेल्यावर आपल्याला पगार मिळणार तो नेमका या न सुचलेल्या गोष्टींचा.

आमचा एक सीनियर याहून चांगला मुद्दा काढतो. तो म्हणतो, "सिरियल मेलं. फेब्रुवारी २०२० मध्ये सीसीएनएचा नवा पेपर आला, त्यात पीपीपी-बीपीपी काही नाही. आता सगळीकडे फायबर आणि इथरनेट. तू आजोबांच्या गाडीचं हँडल फिरवायला शिकतेस." खरं सांगते, यावर मी दोन दिवस गप्प होते. मग वाचलं. इथरनेटमध्ये हलगी वेगळ्या तारेवर नसते, एवढाच फरक. पावलांच्या आवाजातच ताल असतो. जुन्या दहा मेगाबिटच्या इथरनेटमध्ये मँचेस्टर कोडिंग आहे, प्रत्येक बिटच्या मध्ये सिग्नल वर किंवा खाली जातोच, आणि घेणारा त्यावरून ताल पकडतो. आणि तांब्याच्या तारेवरचं गिगाबिट, जे आज आपल्या प्रत्येक लॅबच्या भिंतीत आहे? तिथे तर केबल लावल्यावर दोन्ही बाजू आपसांत ठरवतात, की कोण मास्टर आणि कोण स्लेव्ह. मास्टर आपल्या क्लॉकवर पाठवतो, स्लेव्ह त्याचा ताल धरतो. म्हणजे डीसीई-डीटीई संपलं नाही, ते आता न बोलता ठरतं. मोबाइल टॉवरना वेळ जुळवून ठेवायला आयईईई १५८८ नावाचं मानक आहे, २००२ मध्ये आलं, २००८ मध्ये सुधारलं. तिथेही पहिला प्रश्न तोच, यातला मास्टर कोण? एक्स्टर्नल सरांचा प्रश्न म्हातारा झालेला नाही. फक्त हल्ली तो कुणी मोठ्याने विचारत नाही. जुन्या डब्यांची गंमत हीच, की त्यांच्यात काहीच आपोआप होत नाही. ते सगळं तुमच्याकडून करून घेतात.

म्हणून माझ्या चार मागण्या आहेत. मागण्या म्हटलं की मोर्चा वाटतो, तर विनंत्या म्हणा.

पहिली, डेड स्टॉकमधले चार राउटर आणि त्यांच्या केबली मुलांच्या व मुलींच्या वसतिगृहाच्या रीडिंग रूममध्ये एकेका टेबलावर ठेवाव्यात. रीडिंग रूमला प्लग आहेत, कुलूप आहे आणि वॉर्डनचं लक्षही आहे. खोलीत उपकरण नको, हा नियमही मोडत नाही.

दुसरी, रजिस्टरमध्ये एक नवा रकाना करावा, "शिकण्यासाठी दिले, बिघडणे अपेक्षित." त्याखाली सही विभागप्रमुखांची असावी, काकांची नव्हे. या एका ओळीने कपाटाचं कुलूप निम्मं उघडेल.

तिसरी, बारापैकी एक प्रॅक्टिकल खऱ्या राउटरवर असावं आणि त्यात सरांनी मुद्दाम एक बिघाड घालून ठेवावा. प्रिंटआउट नको. काय बिघडलं होतं आणि कसं सापडलं, हे अर्ध्या पानात लिहायचं. कॉपी करायची तर बिघाडही कॉपी करावा लागेल, बघू कोण करतं ते!

चौथी विनंती आपल्याच मंडळींना. टेबल मिळालं तर त्यावर चहाचे कप ठेवू नका आणि केबल घरी नेऊ नका. काकांची भीती खरी ठरवू नका.

आता जप्तीचं पुढे काय झालं, ते सांगून संपवते. दुसऱ्या दिवशी आम्ही माफीपत्र घेऊन रेक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी पत्र वाचलं, कपाट उघडलं आणि म्हणाल्या, "आधी मला दाखवा, हे दोघं एकमेकांशी बोलतात काय ते." ऑफिसच्या टेबलावर जोडणी केली. इस्त्रीला लागते त्याच्या मानाने यांना वीज किती कमी लागते, तेही सांगितलं. लाइन वर आली. मॅडमनी विचारलं, "आणि ही वायर काढली तर?" आम्ही म्हटलं, काढा ना. त्यांनी स्वतः स्क्रू सैल करून ठोकळा ओढला. स्क्रीनवर डाउन. परत जोडला. थोडं थांबून, अप. मॅडमनी ते तीनदा केलं! तिसऱ्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, तेच त्या दुसऱ्या रात्री आमच्या चेहऱ्यावर असणार. डबे परत मिळाले, साडेदहानंतर बंद या अटीवर. रीडिंग रूमच्या टेबलाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "वर लेखी विचारा, माझी हरकत नाही." हा लेख म्हणजे ते लेखी विचारणं समजावं.

कॉलेज नेहमी म्हणतं, विद्यार्थ्यांनी पुढाकार घ्यावा. विद्यार्थी म्हणतात, कॉलेजने सोय करावी. दोन्ही बाजूंना पिना आणि दोघेही वाट बघत. इंटरफेस अप, लाइन प्रोटोकॉल डाउन. आम्ही दोन हजार चारशे रुपयांचा क्लॉक देऊन पाहिला, आमच्या बाजूने. आता त्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे आहे, त्यांनी परतीचा रस्ता तेवढा टाकावा.

– तृतीय वर्ष, ई अँड टीसी, मुलींचे वसतिगृह